पासंग

गणपती पेठेत काटे दुरुस्त करतोय, एकतीस वर्षं झाली.
आधी पितळी तागड्या, मग स्प्रिंगचे, आता हे लाल आकडे उजळणारे.
हळदवाले येतात, बेदाणेवाले येतात,
सराफ तर काटा तान्ह्या बाळासारखा कवेत घेऊन येतात.
प्रत्येकाला ठरल्या मुदतीत सरकारी शिक्का लागतो.
त्याची फी भरताना मी कधी कुरकुरलो नाही.
शिक्का निदान गिऱ्हाइकाला दिसतो.

परवा मोबाइलवर आलं :
कार्डाची वार्षिक फी, दोन हजार नऊशे नव्व्याण्णव अधिक जीएसटी,
एक तारखेला खात्यावर पडेल.
पडेल म्हणे.
पिकला आंबा पडावा तशी, आपोआप.

दिवे लागायच्या आत जेवणं उरकतात आमच्यात.
हिशेबाला संध्याकाळ मोठी मिळते.
त्रिशलानं चष्मा लावला,
मी कुणाच्या तरी बारशाच्या पत्रिकेची कोरी पाठ घेतली.

दीडशे रुपयांना चार पॉइंट. पॉइंटाला पाव रुपया.
पेट्रोलला नाहीत, विम्याला नाहीत,
माधवनगरच्या घराच्या मेंटेनन्सला तर नाहीतच.
उरलेल्या एक लाख ऐंशी हजारांचे
बाराशे रुपये होतात.
"आणि फी?"
"तीन हजार पाचशे अडतीस. ब्याऐंशी पैसे."
ती पैशांवर बोट ठेवून हसली.
बाकी कशावर नाही, पैशांवर.

मी म्हणालो, वर्षाला तीन लाख खर्चले तर फी माफ,
आपले दोन लाख एक्याऐंशी झालेत.
नवं वॉशिंग मशीन घेऊन टाकू.
"आहे ते फिरतंय की.
साडेतीन हजार वाचवायला एकोणीस हजार,
कुठल्या काट्यावर मोजताय ओ?"

मग राहिला विमानतळावरचा लाउंज.
सांगलीकराला विमान दिसतं ते डोक्यावरून जाताना.
एकदाच गेलो, शिखरजीला, पुण्याहून. सासूबाई बरोबर.
कार्ड घासलं, दोन रुपये कापले,
आत ही एवढी पातेली, वाफाळणारी, चार तऱ्हेचं गोड,
आणि दिवस मावळून तास झालेला.
तिघांपैकी कुणी ताट उचललं नाही.
पाणीसुद्धा नाही.
वाढणारा पोरगा दोनदा येऊन बघून गेला,
ही माणसं फुकटचं का खाईनात.

सासूबाई मात्र चपला काढून
त्या मऊ खुर्चीत मांडी घालून बसल्या
आणि झोपल्या.
गुडघ्याच्या ऑपरेशननंतर इतकी गाढ झोप आम्ही पाहिली नव्हती.
चाळीस मिनिटं. तोंड किंचित उघडं.

ते कुठं मांडायचं, कळेना.
त्रिशलानं जमेच्या बाजूला पेन्सिलीनं एक गोल काढला,
आत काही लिहिलं नाही.

सकाळी फोन लावला. नऊ दाबा, दोन दाबा, वाट पाहा.
एक मुलगी म्हणाली, कार्ड बंद करायचं कारण काय, सर?
म्हणालो, वजन बसत नाही.
ती थांबली. मग म्हणाली,
सर, तुमच्यासाठी खास, पंधराशे पॉइंट बोनस देतो,
फी मात्र भरावी लागेल.

आता हे मला सांगायचं?
तागडीच्या बुडाला चिकटवलेली मेणाची गोळी
मी बोटानं ओळखतो, डोळे मिटून.
कुणी चिंच चिकटवतो, कुणी चुंबक,
एकानं तर देवाचा अंगारा मेणात कालवलेला.
"ताई, तुमच्या तागडीखाली काहीतरी चिकटलंय."
"सॉरी, सर?"
"काही नाही. बंद करा."

कात्रीनं दोन तुकडे केले.
सवय वाईट. दोन्ही सराफी काट्यावर ठेवून पाहिले.
चिपवाला किंचित जड भरला.

आज मार्केट यार्डातला काटा आलाय दुरुस्तीला,
ताटलीच्या कडेत हळद बसलीय, दगडासारखी.
पात्यानं चरे पडतात, ब्रशला ती दाद देत नाही.
कार्डाची कड बरोबर बसते त्या खाचेत.
बिनचिपेचा तुकडा जास्त चांगला चालतो.